भावजींनी पोसलेला प्रतिस्पर्धी

सोलापुरात टॉवेल आणि किस्से दोन्ही घराघरांत तयार होतात. टॉवेल बाहेरगावी जातात, किस्से घरातच राहतात. लग्न होऊन मला अजून वर्ष झालेलं नाही, तरी एवढे साठलेत की कुर्डुवाडीला माहेरी फोन लावला की आई आधी विचारते, "तुमच्या बॉक्सरांचं काय नवीन?" माझी तब्येत नंतर.

मी मुळात कमी बोलते. कमी बोलणाऱ्याचा एक फायदा असतो. लोक त्याला भिंत समजतात आणि समोर सगळं बोलून टाकतात. त्यात आमच्या स्वयंपाकघराची खिडकी घरामागच्या पत्र्याच्या शेडकडं उघडते. त्या शेडमध्ये चार दोऱ्यांची रिंग आहे आणि टॉवेलच्या कातरणांनी भरलेली एक पंचिंग बॅग टांगलेली आहे. तिथं माझे मोठे दीर, मल्लिनाथ, रोज संध्याकाळी सराव करतात. मी त्यांना भावजी म्हणते, बाकी सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्यासमोर असतो बिरू. बिरू आमच्या घरचा नाही, पण जेवायला रोज असतो. का असतो, तेच सांगायचंय.

*

लग्न ठरायच्या आधी माझे वडील पहिल्यांदा हे घर बघायला आले होते. वडील रेल्वे वर्कशॉपात कामाला. काहीही दिसलं की ते कसं झालं हे विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. बैठकीतल्या कपाटात सुवर्णपदकं ओळीनं टांगलेली. वडिलांनी चष्मा पुसून परत घातला.

"जिल्हा अजिंक्यपद. दर वर्षी तुम्हीच?"

"व्हय," भावजी म्हणाले.

"समोर कोण कोण होतं?"

"कुनी न्हाय."

वडिलांनी पदकांकडं परत एकदा बघितलं. परतीच्या गाडीत आईला म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण गर्व नाही बघ. हरलेल्याचं नावसुद्धा घेतलं नाही. ज्या घरातला थोरला असा आहे, ते घर चांगलंच असणार."

माझं लग्न जमण्यात त्या विनयाचा मोठा वाटा आहे. लग्नानंतर मला कळलं की तो विनय नव्हता. माहिती होती.

*

बॉक्सिंगमध्ये वजनाप्रमाणे गट असतात. आमच्या जिल्ह्यात खालच्या गटांत पोरं ढिगानं आहेत, पण हेवीवेटला भावजी एकटेच. जिल्हा अजिंक्यपद हीच राज्य स्पर्धेची निवड चाचणी, आणि समोर कुणी नसलं की वॉकओव्हर मिळतो. म्हणजे ग्लोव्हज घालून एकट्यानं रिंगमध्ये जायचं, चारी बाजूंना नमस्कार करायचा, पंच हात वर करतात, उतरायचं.

माझ्या जाऊबाई, म्हणजे अक्का, सांगतात, "एकदा मी उप्पीट वाढलं आन् ह्ये निवड चाचणीला गेले. उप्पीट गार व्हायच्या आत चॅम्पियन हून आले."

राज्य स्पर्धेत मात्र भावजी खरे लढलेत. त्यांचा डावा ठोसा आठवून हनुवटी चोळणारी माणसं पुण्यात आहेत, नागपुरात आहेत. सोलापुरात कुणी नाही. इथं त्यांना लढताना कुणी बघितलेलंच नाही, आईनं नाही, बायकोनं नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर कुणीतरी विचारतंच, "काय अण्णा, औंदा कुनाला न्हाय हरवलं?" भावजी हसतात. पण चहा अर्धा ठेवून उठतात.

आणि चाळिशी गाठली की रिंग बंद होते, असा नियम. भावजींचं हे शेवटचं वर्ष. एकदा तरी आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर खरी लढत व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे अक्कांना सांगितलं होतं आणि अक्कांनी मेथी निवडता निवडता मला.

*

बिरू माळशिरस तालुक्यातला. घरी मेंढरं, थोडी जिरायत. कॉलेजसाठी सोलापुरात हॉस्टेलवर राहायचा. एका मित्राबरोबर शेडमध्ये नुसता बघायला आला होता. आत येताना त्याला दारातून वाकावं लागलं, तेवढं भावजींना पुरलं.

"उंची किती? वय काय? घरी कोन कोन? तंबाखू-बिंबाखू?"

मी खिडकीतून ऐकत होते. मला बघायला आले तेव्हा या घरानं इतके प्रश्न विचारले नव्हते. भाकरी येते का, एवढंच विचारलं होतं.

भावजींनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं. हाडं हेवीवेटची होती, मांस कुणाचंच नव्हतं. शेडमध्ये शिकवायला सय्यद सर येतात, भावजींनाही पोरसवदा असताना त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी काट्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, इस कू नीचे के वजन में लड़ाओ. आराम से जीतिंगा."

ते खरंच होतं. खालच्या गटात बिरू पहिल्याच वर्षी पदक घेऊन गेला असता. भावजींनी काट्यावरून त्याला उतरवलं, त्याचं मनगट एकदा धरून बघितलं.

"न्हाय सर," ते म्हणाले. "जेवायला घालू."

*

आमचं घर शाकाहारी. हेवीवेट बॉक्सर शेंगांची चटणी आणि दह्यावर तयार होतो, हे राज्य स्पर्धेत लोकांना खरं वाटत नाही. आता तसाच दुसरा तयार करायचा होता.

पहिल्या आठवड्यात बिरू लाजला. "बास" म्हणायचा. आमच्याकडं बास म्हणजे अजून दोन भाकरी. सासूबाई कन्नडमध्ये "इन्नष्टु?" म्हणून अजून वाढायला पुढं यायच्या आणि तो हात आडवा धरून "साकु, साकु" करायचा. जॅबचा सरळ ठोसा शिकायच्या आधी तो कन्नड शिकला.

खाऊनही अंगाला लागेना. कारण हॉस्टेलपासून आमच्या घरापर्यंत तो पळत यायचा आणि पळत जायचा. अक्का वैतागल्या. "ह्ये पोरगं जेवतंय का वाटंत मेंढरांना वाटतंय?" भावजींनी त्याचं पळणं बंद केलं. मग माझ्या मिस्टरांच्या मागं रोज एक घाबरलेला लांब माणूस गाडीवर बसून यायला लागला.

तिकडं भावजींचं उलटं. वय झालं की दम लवकर जातो म्हणून सरांनी त्यांचं तूप तोडलं होतं. ताट शेजारीशेजारी. बिरूच्या भातावर तुपाची धार, भावजींच्या वाटीत पातळ ताक. एक दिवस सासूबाईंना राहवलं नाही.

"मल्लू, ज्याच्याशी लढायचं त्याला तूप आन् तुला ताक? कसली रे ही लढाई?"

भावजी म्हणाले, "आई, वाढ तू. लढाई अजून स्वयपाकघरातच हाय."

*

दोघांत फरक काय, तर हात.

भावजींचा डावा हात कायम गालाजवळ. ठोसा मारून झाला की तो स्वतःहून घरी परत येतो. इतकी वर्षं झाल्यामुळं तो आता त्यांचं ऐकत नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये जिथं जिथं भावजी आहेत, तिथं फ्लॅश पडताक्षणी त्यांनी हात वर घेतलाय. अक्षता टाकतानाचा फोटो तर असा आलाय की माझ्या माहेरच्यांवर चढाई करणार आहेत.

बिरूचे हात मात्र खाली लोंबते. माळरानावर वाढलेलं पोरगं, तोंडावर कुणी मारेल हे त्याच्या मनातच येत नाही. भावजींनी उपाय काढला. हात खाली दिसला की ओल्या टॉवेलचा फटका. सरावात, अंगणात, बोलता बोलता, अगदी पानावरसुद्धा. महिनाभरात बिरू उजव्या हातानं जेवायला आणि डावा गालावर धरून बसायला शिकला.

अशात ह्यांची अक्कलकोटची आत्या मुक्कामाला आली. तिनं बिरूला जेवताना बघितलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी लवंगेचं तेल घेऊन त्याच्यासमोर बसली.

"कुठली दाढ रे, बाळा?"

बिरूला मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यानं एक दाढ दाखवली. आत्या होती तोवर तो रोज लवंगेचं तेल लावून घेत होता. भावजी शेजारी बसून म्हणायचे, "आत्या, दुसऱ्या बाजूला बी बघ. तिकडं जास्त लागनार हाय त्याला."

*

सरावात दोघं समोरासमोर आले की मी गॅस बारीक करते. बिरू सगळीकडं असतो. पाय जमिनीला टेकतात की नाही कळत नाही. सय्यद सर ओरडतात, "अरे मियाँ, मारने आया की नाचने?" भावजी जागचे हलत नाहीत. अर्धं पाऊल डावीकडं, अर्धं उजवीकडं. बिरू धो धो ठोसे मारतो आणि ते भावजींच्या कानावरून, खांद्यावरून वाऱ्यासारखे जातात. मग भावजी एकच मारतात. तो कधी निघाला हे मला इतक्या महिन्यांत एकदाही दिसलेलं नाही. बिरू थांबलेला तेवढा दिसतो.

एकदा भावजी खिडकीपाशी पाणी मागायला आले आणि अचानक म्हणाले, "तू रोज बगतीस. खरं सांग, कोन भारी?"

घरात मला असं कुणी विचारत नाही. मी तांब्या देत म्हटलं, "पहिल्या फेरीत तुम्ही. तिसऱ्या फेरीत तो."

"आन् दुसऱ्या?"

"दुसऱ्या फेरीत तुम्ही दमला नाही असं दाखवता."

भावजींचं पाणी नाकात गेलं. मग ते शेडकडं वळून ओरडले, "सर, कोच घरातच हाय की. तुमी उगं रोज येताय."

तेव्हापासून फेरी संपली की दोघंही एकदा खिडकीकडं बघतात. मी कणीक मळत असते. मान हलवली तर त्याचा अर्थ काढतात म्हणून हल्ली मी मानसुद्धा जपून हलवते.

*

बिरूचे वडील गुरूला भेटायला आले. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून एक करडू घेऊन आले. आमच्या दारात. सासूबाईंनी करडाकडं बघितलं, करडानं सासूबाईंकडं. बिरू कोपऱ्यात उभा राहून जमिनीत जागा शोधत होता.

"लई गोड हाय," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "आमी पाळू."

ते करडू अजून शेडमध्ये आहे. मोकळा वेळ मिळाला की बॅगेला डोकं मारतं. सय्यद सर म्हणतात, या शेडमध्ये गार्ड, म्हणजे बचावाचा पवित्रा, न सोडणारे दोनच, अण्णा आणि ते.

चहा झाल्यावर बिरूच्या वडिलांनी विचारलं, "आमचं पोरगं लढनार कुनासंगं?"

"माझ्यासंगं," भावजी म्हणाले.

वडिलांनी बशी खाली ठेवली. "मंग तुमीच त्याला शिकवताय कशापायी?"

"दुसरं कोन हाय हितं?"

बिरूच्या वडिलांच्या भागात एडक्यांच्या टकरी लावतात. "आमच्यात एकच एडका ऱ्हायला की त्यो दाराला टकरा देत बसतो."

भावजी हसले. "दार मोडलंय का कदी?"

"दार न्हाय मोडत," ते म्हणाले. "एडका मोडतो."

भावजींनी त्यांच्या कपात अजून चहा ओतला. मग बराच वेळ दोघंही पावसाबद्दल बोलत बसले.

*

निवड चाचणीच्या सकाळी वजनं होती. मी आणि अक्का डबा घेऊन गेलो होतो. व्हरांड्यात खालच्या गटांतली पोरं बसलेली, कालपासून उपाशी. कुणी जाड जर्किन घालून पळतंय, कुणी कोपऱ्यात थुंकून वजन कमी करतंय. ओठ सगळ्यांचे पांढरे.

बिरू काट्यावर चढला आणि हेवीवेटच्या रेषेला थोडा कमी पडला.

काट्यावरचे साहेब म्हणाले, "अण्णा, हा खालच्या गटात बसतोय. तुम्हाला वॉकओव्हर. चला, मोकळे झालात."

भावजींनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पेनाचं टोपण लावायला लागले.

"वेळ हाय का अजून?"

"आहे थोडा. पण त्याच्या..."

"डबा आन गं," भावजी मला म्हणाले.

डब्यात हुग्गी होती, गहू-गुळाची घट्ट खीर, वर तूप. भावजी पायरीवर बसले, बिरूला समोर बसवलं आणि स्वतःच्या हातानं भरवायला लागले. केळी, हुग्गी, पाणी, परत हुग्गी. बिरूचे डोळे बाहेर आले. "अण्णा, ठोसा खाल्ला तर सगळं भायेर येईल." भावजी म्हणाले, "लढत सांजंला हाय. तवर जिरंल."

उपाशी पोरं गोल करून बघत होती. त्यातलं एक काडीसारखं पोरगं काकुळतीनं म्हणालं, "अण्णा, पाया पडतो, त्यो वास तरी तिकडं न्या."

बिरू परत काट्यावर चढला. आम्ही सगळे आकड्याकडं बघत होतो. भावजी बघत नव्हते, ते साहेबांच्या तोंडाकडं बघत होते. साहेबांनी मान हलवली. बसला.

भावजी मटकन खुर्चीत बसले आणि अक्कांना म्हणाले, "आता खरंच लढाय लागनार."

*

लढत एका मंगल कार्यालयात होती. लाल कोपऱ्याला वरपक्षाची खोली, निळ्याला वधूपक्षाची. भावजी वधूपक्षात बसले होते. टपरीवरची सगळी मंडळी आली होती, पुढच्या खुर्च्या धरून. सय्यद सरांना दोघांनीही आपल्या कोपऱ्यात बोलावलं. ते दोन्हीकडं गेले नाहीत. मधेच एक खुर्ची टाकून पाठ फिरवून बसले. म्हणाले, "मैं देखताच नहीं."

पहिल्या फेरीत सोलापूरनं भावजींचा डावा हात बघितला. बिरू धावत आला आणि बंद दारावर आपटल्यासारखा थांबला. परत आला, परत थांबला. टपरीवाला हळूच म्हणाला, "आयला, अण्णा लढतोय की." अक्कांनी डोळ्यांवर पदर घेतला होता, तो बाजूला केला आणि परत घेतलाच नाही.

दुसऱ्या फेरीच्या शेवटाला भावजी दोरीवर आले. तोंड उघडं, पाय जड. त्यांचा चेहरा समोर मोकळा होता आणि बिरूचा उजवा हात वर होता. बिरूनं मारलं नाही. तो नुसता भावजींच्या अंगावर रेलला, धरल्यासारखा. लोकांना वाटलं दमला. भावजी त्याच्या कानात काहीतरी बोलले आणि त्याला ढकललं. काय बोलले ते बिरूनं आम्हाला नंतर सांगितलं. "फुडच्या साली मी न्हाय. मला आज मार."

तिसऱ्या फेरीत बिरूनं मारलं. असा उजवा हात मी त्या खिडकीतून कधी बघितला नव्हता. भावजी एका गुडघ्यावर गेले. पंच मोजायला लागले. भावजी मोजणं ऐकत ऐकत सावकाश उठले, हात गालाजवळ घेतला आणि शेवटच्या घंटेपर्यंत उभे राहिले. उभे राहिले म्हणजे मारतही राहिले. बिरूला नंतर दोन दिवस कुशीवर झोपता आलं नाही.

पंचांचं एकमत झालं नाही. पण जास्त पंचांनी बिरूला कौल दिला. त्याचा हात वर गेला तेव्हा तो रडत होता. भावजी रिंगमधून उतरायला तयार नव्हते. चारी बाजूंना नमस्कार करून झाला तरी उभेच. शेवटी ह्यांनी जाऊन हाताला धरून आणलं.

परत येताना रिक्षात आम्ही दाटीवाटीनं बसलो. पुढं ड्रायव्हरशेजारी हे, मागं अक्का, भावजी, बिरू आणि कडेला अर्धी बाहेर मी. भावजींचा डावा डोळा पूर्ण मिटलेला, गाल वांग्याच्या रंगाचा. अक्कांच्या हातात सरांनी दिलेली बर्फाची पिशवी. त्या ती डोळ्याला लावायला जायच्या आणि भावजी तोंड फिरवायचे.

सात रस्त्याचा चौक आला. संध्याकाळची गर्दी, दुकानांचे दिवे लागलेले, ओळखीची माणसं दर दोन पावलांवर.

"थांबव रे," भावजी म्हणाले आणि उतरले.

"अवो, घर लांब हाय हितनं," अक्का म्हणाल्या. "बर्फ तरी लावा."

"घरी गेल्यावर लाव."

बिरूही घाईघाईनं उतरायला लागला. "अण्णा, मी बी येतो संगं."

भावजींनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला परत आत बसवलं.

"तू बस रिक्षात. तुझं कुटं काय दिसतंय?"